ताप चढला तर

चि. मुग्धा,

आई तुझ्याकडे अल मनखूलला पोहोचली, डिंकाचे लाडूही धड पोहोचले, हे ऐकून बरं वाटलं. फोनवर तू कळा बोथट करणाऱ्या एपिड्युरलबद्दल हळूच विचारलंस, त्याचं उत्तर सविस्तर लिहिते.

मणक्यात हे इंजेक्शन घेतलं की पाठ जन्माची धरते, असं सासूबाई म्हणतात. तसं नाही. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळजणींची दुखते, इंजेक्शन न घेतलेल्यांचीही. टोचलेली जागा थोडे दिवस हुळहुळेल, एवढंच. सिझरची शक्यताही त्याने वाढत नाही. कॉक्रेन संस्थेच्या 2018च्या संशोधन-आढाव्याचा निष्कर्ष तोच आहे.

प्रसूतिकक्षात नोकरी केली म्हणून सांगते, तुला कुशीवर वळवतील, गुडघे पोटाशी आणि हनुवटी छातीला. मध्येच कळ आली तर बोल, ते थांबतील. मग सुईतून बारीक नळी आत सरकवून सुई काढून घेतात. पाय जड होतात, कळा बोथट होतात.

आधी फारसं कुणी सांगत नाही ते तापाचं. एपिड्युरल घेतलेल्या साधारण पाचांतल्या एकीला 38 अंशांवर ताप चढतो. पहिलटकरणीला, कळा लांबल्या की जास्त. बहुतेकदा हा जंतूंचा ताप नसतो. मुळात प्रसूतीतच दाह असतो: गर्भाशयाचं तोंड मऊ होताना पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. एपिड्युरलने त्यात भर पडते आणि रक्तात दाह दाखवणारं इंटरल्यूकिन-6 वाढलेलं सापडतं. हे नेमकं कसं घडतं, याचा शोध अजून चालू आहे.

अडचण अशी की हा ताप आणि संसर्गाचा ताप खाटेजवळ उभं राहून वेगळा ओळखता येत नाही. म्हणून डॉक्टर अँटिबायोटिक सुरू करतात, बाळावर लक्ष ठेवतात, कधी त्याचं रक्त तपासतात. ती धावपळ बघून बाया रडताना मी पाहिल्या आहेत: मी दुखणं सोसलं नाही, म्हणून बाळाला सुया. पोरी, हे मनात आणूसुद्धा नकोस. तपासणी गरजेची आहे, पण त्यात तुझा अपराध काडीचा नाही.

पुढच्या तपासणीला भूलतज्ज्ञांना भेट. रात्री ते हजर असतात का, ताप आला तर बाळ माझ्याजवळ राहील का, विम्यात एपिड्युरलचा खर्च बसतो का, हे स्पष्ट विचार. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांग. घ्यायचं की नाही हे तू ठरव, सासूबाई नाहीत आणि मीही नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझी,
शालूआत्या