आजचं चिंतन : देऊळ कुणाकडे फिरलं?



आज वाचनात नामदेवरायांचं एक पद आलं. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमधलं. तिथे नामदेवांची ६१ पदं आहेत.

या पदात ते स्वतःचीच गोष्ट सांगतात. हसत-खेळत देवळात गेले, भक्तीत रंगले, तर लोकांनी धरून बाहेर काढलं. कारण काय, तर जात हलकी. नामदेव भांडले नाहीत. कांबळं उचललं, देवळाच्या मागे जाऊन बसले आणि नाम घेऊ लागले. मग म्हणे देऊळच त्यांच्याकडे फिरलं!

हे वाचून मी जरा अस्वस्थ झालो. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एका बिहारी कुटुंबाला फ्लॅट भाड्याने द्यायचा विषय निघाला. "आपल्यातले नाहीत, आपली संस्कृती बिघडेल," असं कुणीतरी म्हणालं. मी गप्प बसलो. आणि त्याच संध्याकाळी घरी हरिपाठही म्हटला.

कुठली संस्कृती बिघडणार होती? नामदेव पंजाबात गेले. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानमध्ये आजही लोक त्यांना 'बाबा नामदेव' म्हणून पूजतात. २०१५ साली ८८वं मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं, ते त्यांच्याच नात्याने. पण घुमानचे लोक काही मराठी झाले नाहीत. त्यांनी घेतलं ते नाम, आणि देवापुढे सगळे सारखे हा विचार. आणि आपण? ज्या विठ्ठलाला ज्ञानोबांनी 'कानडा' म्हटलं, त्याला आपण माउली म्हणतो.

मला मराठी असण्याचा अभिमान आहे, तो सोडायचं कारणच नाही. पण भाषा, आडनाव, पुरणपोळी हे सगळं मला जन्माने फुकट मिळालं. समता तशी मिळत नाही. ती रोज पाळावी लागते, आणि त्या दिवशी मी पाळली नाही. बाहेर काढणाऱ्यांच्या रांगेत मीही उभा होतो, फक्त तोंड मिटून.

ते कुटुंब दुसरीकडे राहायला गेलं. आता हळहळून त्यांना काय उपयोग? पण पुढच्या मीटिंगला मी बोलणार आहे, हे इथे लिहून ठेवतो. तुम्हीही आज एकदा आठवून बघा, आपण कुणाला 'आपल्यातले नाहीत' म्हटलं, किंवा कुणी म्हणत असताना ऐकून घेतलं.

देव त्यांच्याकडे फिरला असेल, तर आपल्याकडे त्याची पाठ आहे.

राम कृष्ण हरी 🙏