मौनाचें मोल

मौन हेंही एक मतच होय. १९५६ सालीं इजिप्तवरील हल्ल्याचा भारतानें उघड निषेध केला. परंतु सोव्हिएट रणगाडे बुडापेस्टांत शिरले असतां ४ नोव्हेंबरच्या ठरावावर तो तटस्थ राहिला. २ मार्च २०२२ रोजीं युक्रेनविषयक ठरावास संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेंत १४१ राष्ट्रें अनुकूल, ५ प्रतिकूल. तटस्थ ३५ राष्ट्रांत भारत होता. संवादाची वाट मोकळी राहावी, असें याचें समर्थन होतें. आपले हजारों विद्यार्थी तेथें अडकले होते, हेंही आम्ही विसरत नाहीं. परंतु दोन्ही पक्षांशीं बोलण्याचा जो हक्क मौनानें राखला, तो पीडितांसाठीं आपण कितपत वापरला? याचें उत्तर देतां आलें तर तें मौन धोरण ठरेल. न आलें तर ती केवळ सोय. सोयीस नीतीचें नांव देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.