उपदेशाचा अधिकार

गणेशोत्सवाच्या आधी पर्वत पाटियातील आपल्या मंडळींच्या मेळ्यात शाडूच्या मूर्तींचा प्रचार करण्यासाठी मी दोन संध्याकाळी टेबलामागे बसलो. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सूचनांत ते वर्ज्य ठरवले आहे, असे येणाऱ्याजाणाऱ्यास सांगत होतो. सरकारी नोकरीत जन्म गेलेल्यास परिपत्रक वाचून दाखवणे कधी जड जात नाही.

एका वहिनींनी शांतपणे विचारले, “भाऊसाहेब, आपल्या घरी कोणती मूर्ती असे?”

कित्येक वर्षे प्लास्टरचीच असे, आणि तापीत ती मीच सोडत असे. आपल्यापैकी पुष्कळांची मूळ घरे खानदेशात; भुसावळकडून येणारी हीच नदी सुरतेला पाणी पाजते.

ज्याचे हात मळलेले, त्याने इतरांस हात धुवा म्हणावे काय? मौन सभ्य दिसते. परंतु माझ्या त्या क्षणभराच्या मौनात लाजेपेक्षा प्रतिष्ठेची काळजी अधिक होती. म्हणून खरे ते सांगितले. वहिनींनी पत्रक घडी करून पिशवीत ठेवले. मूर्तीची नोंदणी मात्र केली नाही.