संख्येचे गुण कोणाचे?

चतुर्युगाचे मान ४३,२०,००० सौर वर्षे होय, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. या संख्येच्या थोरवीचे कारण विचारले असता बहुधा उत्तर मिळते की, तिच्या अंकांची बेरीज ९ येते आणि ९ हा अंक पूर्णत्वाचा. एवढ्या आधारावर श्रद्धा ठेवावी काय, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

४३,२०,००० ला ९ ने भाग दिला असता ४,८०,००० येतात, बाकी काही उरत नाही. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने असा निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी 'हर्षद' हे गोड नाव दिले. पण आपण दहाच्या पटीत स्थाने मांडतो, ती हातांस बोटे दहा म्हणून. एखाद्या समाजाने डझनावर मोजून बाराच्या पटीत स्थाने मांडली, तर तेवढीच वर्षे तो १५४४००० अशी लिहील. या अंकांची बेरीज चौदा. आणि चौदाने भाग जात नाही, कारण या संख्येत ७ हा अवयवच नाही. वर्ष एकही घटले नाही, हर्षदपण मात्र गेले! ९ चे माहात्म्यही असेच. तो दहाहून एकाने उणा, एवढेच त्याचे बळ. बाराच्या लेखनात तो मान अकराला मिळेल. (कापरेकरांच्या कार्यास यामुळे उणेपणा येत नाही, ते अंकलेखनाचेच गणित करीत होते.)

वेदान्तात स्वरूपलक्षण व तटस्थलक्षण असा भेद करितात. छपरावर कावळा बसला आहे ते देवदत्ताचे घर, ही खूण खरी. परंतु कावळा उडाला तरी घर जागेवरच असते. हर्षदत्व हा असा कावळा होय.

मग घर कोणते? या संख्येचे मूळ अवयव तीनच: २ आठ वेळा, ३ तीन वेळा, ५ चार वेळा. म्हणून तिला १८० विभाजक आहेत, मग ती कोणत्याही लिपीत लिहा. स्वतः संख्या वगळून त्यांची बेरीज १,१६,४३,६४० भरते. विभाजकांची बेरीज संख्येहून अशी मोठी झाली की तिला 'अधिक' संख्या म्हणतात. इ. स. १०० च्या सुमारास निकोमाकस या ग्रीक गणितज्ञाने अशा संख्यांत अतिरेकाचा दोष पाहिला. आम्हांस हे पटत नाही. विभाजक संख्येचे, दोष त्याने आपल्या पदरचा घातला.

उलट, विभाजकांची ही विपुलताच कामी आली. कृत, त्रेता, द्वापर, कली यांची ४, ३, २, १ अशी वाटणी केली असता कलीच्या वाट्यास ४,३२,००० वर्षे येतात. आर्यभटाने आपल्या ४९९ च्या मांडणीत चारही पाद समान, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे मानले. स्मृतींशी हे विसंगत म्हणून ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये त्यास दोष दिला. वाद झाला तो वाटणीचा. ४३,२०,००० ही बेरीज दोघांसही मान्य होती.