आधीच्या मालकाने करून ठेवलेलं



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५ आणि त्यावरच्या ज्ञानेश्वरीतल्या ओव्या.

श्लोक आपल्या ओळखीचा आहे. भगवंत अर्जुनाला सांगतात की स्वतःला वर काढायचं काम ज्याचं त्यानेच करायचं. आपण स्वतःचे मित्र होऊ शकतो, तसेच वैरीही. याच अध्यायात माउली पोपटाचा दृष्टांत देतात. पकडण्यासाठी टांगलेल्या नळीवर पोपट येऊन बसतो. त्याच्या भाराने नळी फिरते, तो उलटा होतो आणि घाबरून नळी आणखी घट्ट धरतो. त्याला कोणी बांधलेलं नसतं. पाय सोडले तर तो उडून जाईल, पण तो पकड आवळतच राहतो.

आता एक शंका. नळी तर पारध्याने टांगली होती, मग पोपटाला का बोलायचं? आपल्यातही असं बरंच काही असतं, जे आपण केलेलं नसतं. घरातला तापट स्वभाव, सतत तुलना करायची सवय, लहानपणी मनात बसलेली भीती. हे दुसऱ्याने करून ठेवलेलं, मग निस्तरायचं आपणच का?

ही शंका मला मुदखेडला मामांच्या जीपवर काम करताना नीट कळली.

मुदखेड म्हणजे फुलांचा भाग. मामांचीही फुलशेती आहे. पहाटे माल नांदेडला पोचवायचा असतो आणि पावसाळ्यात शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत काळ्या मातीचा चिखल. म्हणून त्यांनी जुनी महिंद्रा एमएम ५४० घेतली, फोर बाय फोर. आधीच्या मालकाने हौसेने ती उंच करून ठेवली होती. दिसायला एकदम भारी! पण साठच्या वर गेली की रस्त्यावर भरकटायची आणि खड्ड्यात मागे बसलेली माणसं अक्षरशः उडायची.

मी सुट्टीत गेलो होतो. गावातल्या मिस्त्रींबरोबर दोन दिवस गाडीखाली होतो, तेव्हा एकेक गोष्ट उलगडत गेली. उंचीसाठी पुढच्या पाट्यांना लांब शॅकल लावले होते. या जीपचे पुढचे शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असतात. ते लांब केले की ॲक्सल पुढे कलतो आणि कॅस्टर नावाचा कोन कमी होतो. या कोनामुळे वळणानंतर चाकं आपोआप सरळ येतात. तो गेला म्हणून गाडी भरकटायला लागली. मग भरकटणं थांबवायला स्टिअरिंग बॉक्स कसला. स्टिअरिंग जड झालं, भरकटणं तसंच. गाडी बसू नये म्हणून पाट्यांत जादा पाटे भरले, आणि पाटे लवायचेच बंद झाले. मागेही पाट्याखाली ठोकळे घालून उंची वाढवली. त्याने शाफ्टचा कोन बिघडला आणि क्रॉस खराब झाले.

सगळ्यात वाईट गोष्ट शेवटी दिसली. गाडी उंच झाली, पण ब्रेकचा रबरी पाइप जुन्याच लांबीचा होता. चाक खाली लोंबलं की तो तारेसारखा ताणायचा. तो कुठल्या दिवशी तुटला असता, सांगता येत नाही. याच गाडीत आजी बसते, मामांची नातवंडं बसतात.

बघा, प्रत्येक वेळी काय केलं? आवळलं. भीती वाटली की कस, डळमळलं की आणखी कस. हाच तो नळीवरचा पोपट. सॉफ्टवेअरमध्येही हे रोज दिसतं: मूळ चूक तशीच ठेवून तिच्यावर पॅच, त्या पॅचवर दुसरा पॅच.

खरी परीक्षा पुढे होती. खर्चाचा अंदाज ऐकून एक ओळखीचे म्हणाले, "आहे तशी विकून टाका. दिसायला भारी आहे, लगेच गिऱ्हाईक मिळेल. पुढचा बघून घेईल." मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "माझ्या गळ्यात पडलं म्हणून मी दुसऱ्याच्या गळ्यात कसं घालू? त्याच्या गाडीत बी लेकरंच बसतेत ना."

मंडळी, आपल्या शंकेचं उत्तर याच वाक्यात आहे. जे वाट्याला आलं ते प्रारब्ध. ते कोणी केलं, का केलं, हे शोधून गाडी सरळ चालत नाही. पण आज मी त्याचं काय करतो, पुढे कोणाच्या हातात काय देतो, हे क्रियमाण. ते पूर्ण माझं आहे. आरसी बुकवर आता नाव माझं आहे! कायदाही असंच बघतो. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे. रस्त्यावर गाडी अडवली, तर आजच्याच मालकाला विचारतात.

"आमच्या घराण्यात राग आहेच" हे वाक्य आपण किती सहज बोलतो. आजोबांचा राग वडिलांकडे आला, वडिलांचा माझ्याकडे, आणि मी तो आहे तसाच मुलांच्या हातात देतो. "आहे तशी विकून टाका", दुसरं काय?

मग दुरुस्ती कशी करायची? मिस्त्रींनी आधी नवीन काहीच लावलं नाही. गाडी सपाट जागेवर घेतली, दोन्ही बाजूंची मापं लिहिली आणि लावलेलं काढायला सुरुवात केली. लांब शॅकल, ठोकळे, जादा पाटे सगळं काढलं. मूळ पाट्यांना पुन्हा कमान दिली. यू बोल्ट, क्रॉस आणि ब्रेकचे पाइप नवे टाकले. स्टिअरिंग बॉक्स होता तसा सैल केला. एक गोष्ट त्यांनी मला मुद्दाम दाखवली. रबरी बुशांचे बोल्ट गाडी वर उचललेली असताना शेवटचे कसायचे नाहीत. आधी गाडी खाली उतरवायची, वजन चाकांवर येऊ द्यायचं, मग कसायचं. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

साधनेत आपण उलटं करतो. राग तसाच ठेवून त्यावर एक नवीन व्रत, त्यावर आणखी एक नियम. नियम चांगलेच आहेत, पण आधी पकड सैल व्हायला हवी. आणि नियमही संसाराचा भार अंगावर असताना, खऱ्या दिवसाच्या मापाने ठरवावा. सुट्टीत ठरवलेला कडक नियम सोमवारी फाटतो, हा अनुभव बहुतेकांचा आहे.

एक गोष्ट विसरू नका. त्या जीपची चासी सरळ होती, इंजिन उत्तम होतं. तेही आधीच्या मालकाकडूनच आलं. याच अध्यायात पुढे, श्लोक ४१ ते ४३ मध्ये, भगवंत सांगतात की साधना अर्धवट राहिली तरी वाया जात नाही. पूर्वीची बुद्धी पुढच्या जन्मी परत मिळते आणि प्रयत्न तिथून पुढे चालू होतो. म्हणजे वारशात बिघाड येतो तशी पुण्याईही येते. ज्या वडिलांकडून राग आला, त्यांच्याकडूनच कदाचित हरिपाठही आला.

आजची साधना: आपल्यात वारशाने आलेली एक गोष्ट कागदावर लिहा. ती लपवायला वर काय काय चढवलं, तेही लिहा. त्यातलं एक आज काढून ठेवा. कोणाला दोष देऊ नका, स्वतःलाही नको.

पांडुरंगा, जे माझ्यापर्यंत आलं ते माझ्यापाशी थांबू दे. पुढे जाईल ते नीट करून जाऊ दे.

राम कृष्ण हरी 🙏