डोडोचा गुन्हा

सतराव्या शतकात सुरतेहून आग्र्याला जायला दोन वाटा होत्या. एक अहमदाबादेवरून, दुसरी खानदेशातून: नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर करत बऱ्हाणपूर. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला पीटर मंडी १६३०च्या नोव्हेंबरात या दुसऱ्या वाटेने निघाला. तो मोठ्या दुष्काळाचा काळ. वाटेवरची प्रेतं आणि उठून गेलेली गावं यांचं त्याने जे लिहून ठेवलं, त्यामुळे इतिहासाचे अभ्यासक त्याला ओळखतात. पक्षिशास्त्रज्ञ ओळखतात ते दुसऱ्याच नोंदीमुळे. १६२८ ते १६३४ या हिंदुस्थानातल्या मुक्कामात कधीतरी त्याने सुरतेत मॉरिशसहून आणलेले दोन जिवंत डोडो पाहिले. ना उडता येणारे, ना पोहता येणारे.

साधारण त्याच काळात मुघल दरबारात डोडोचं एक चित्र काढलं गेलं. जहांगीरच्या पदरच्या उस्ताद मन्सूरचं ते मानतात. आज ते सेंट पीटर्सबर्गला आहे. चित्रातला पक्षी रावेरवरून आग्र्याला गेला असं म्हणायला काही पुरावा नाही, आणि गावाला त्या मोठेपणाची गरजही नाही. पण चित्र पाहण्यासारखं आहे. युरोपातल्या चित्रकारांनी रंगवलेला डोडो म्हणजे चरबीचा गोळा, बावळट चेहऱ्याचा. मुघल चित्रातला डोडो हा नुसता एक पक्षी आहे. चित्रकाराने तो पाहिला तसा काढला, त्याची टर उडवली नाही. जगातल्या सर्वांत विश्वासार्ह डोडोचित्रांत अभ्यासक त्याची गणना करतात, यात नवल नाही.

युरोपातल्या चित्रांतली टर पुढे फार महागात पडली. डोडो मठ्ठ होता, जड होता, पळता येत नव्हतं, म्हणून संपला, ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. जो मेला त्याच्याच माथी मरणाचा दोष मारण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतरही आपण आधी त्याचं व्यसन शोधतो. २०१६ साली डोडोच्या कवटीचं स्कॅन करून मेंदूचं माप काढलं गेलं. शरीराच्या मानाने तो कबुतराच्या मेंदूएवढाच निघाला. म्हणजे मठ्ठपणाचा आरोप फोल ठरला.

आणि तो कबुतराच्याच कुळातला. २००२ साली डीएनएवरून कळलं की त्याचा आज हयात असलेला सर्वांत जवळचा नातलग म्हणजे निकोबारी कबुतर, आपल्याच देशातल्या बेटांवरचं. डोडोचे पूर्वज कधीकाळी समुद्र ओलांडून, उडत आले होते. मॉरिशस हे ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. वटवाघळं सोडली तर तिथे सस्तन प्राणी नव्हते. जिथे मागे लागणारा कोणी नाही आणि फळं पायाशी पडतात, तिथे उडण्याचे अवजड स्नायू पोसणं म्हणजे नुसता खर्च. पिढ्या गेल्या तसे पंख आखडले, पाय आणि देह वाढले. सेशेल्समधल्या अल्डाब्रा बेटाचा दाखला तर चकित करणारा आहे. तिथे एका पाणकोंबडीच्या जातीने उडणं सोडलं. समुद्राची पातळी वाढून सुमारे १,३६,००० वर्षांपूर्वी बेट बुडालं, ती जात संपली. बेट पुन्हा वर आलं, त्याच कुळातले उडणारे पक्षी पुन्हा आले आणि त्यांनी पुन्हा उडणं सोडलं. तेच बेट, तेच उत्तर, दोनदा.

मंडी १६३८ साली मॉरिशसला थांबला. त्या खेपेला त्याला डोडो दिसला नाही, पण त्याने एक प्रश्न लिहून ठेवला: ज्याला उडता येत नाही की पोहता येत नाही, तो पक्षी जमिनीपासून इतक्या दूर आला कसा, आणि इथेच का आहे? इथली हवा आणि माती यांनी दीर्घकाळात मूळ रूप पालटलं असेल का, अशीही शंका त्याला आली. डार्विनचं पुस्तक यायला अजून दोनशेहून अधिक वर्षं होती.

मंडीच्या प्रश्नाचं उत्तर एकदा लक्षात आलं की डोडोचा अंतही वेगळा दिसतो. बेटाने घडवलेला पक्षी बेट बदललं की जातो, त्याला कोणी मारावं लागत नाही. डच १५९८ साली उतरले. डोडोची सर्वमान्य शेवटची नोंद १६६२ची. खलाशांनी डोडो खाल्ले यात शंका नाही, पण डचांच्या किल्ल्यातल्या उकिरड्याचं उत्खनन झालं तेव्हा त्यात डोडोची हाडं सापडली नाहीत. खरं काम केलं ते जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी, माकडांनी. डोडोचं घरटं जमिनीवर आणि, जुन्या वर्णनांनुसार, त्यात एकच अंडं. शिवाय आबनूसासाठी जंगल तोडलं जात होतं.

पक्षी गेला हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढे तर तो खरंच होता का, अशी शंका लोक घेऊ लागले. १८६५ साली मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्याजवळच्या दलदलीत हाडं सापडली तेव्हा प्रश्न मिटला. जॉर्ज क्लार्क या शाळामास्तराचं नाव त्या शोधाला जोडलं जातं. पण चिखलात उतरून अनवाणी पायांनी चाचपडत हाडं वर काढली ती मजुरांनी. १८३४पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर त्या बेटावर नेले जात होते, त्यांत आपली मराठी माणसंही होती. शास्त्रात मास्तराचं नाव राहिलं.

आता खानदेशात यावं. बेटं जमिनीवरही असतात. इथला रानपिंगळा हे छोटं घुबड दिवसा शिकार करतं, झाडाच्या ढोलीत घरटं करतं आणि त्याला चांगले धडधाकट पंख आहेत. तरी १८८४नंतर ११३ वर्षं तो कोणा शास्त्रज्ञाला दिसला नाही. मधे रिचर्ड माइनर्टझहागेन या पक्षिसंग्राहकाने गुजरातेत मांडवीला १९१४ साली मिळवल्याचा एक नमुना पुढे केला होता. तो संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. एकोणिसाव्या शतकातल्या जेम्स डेव्हिडसन या पक्षिसंग्राहकाने खानदेशातच गोळा केलेल्या पक्ष्यांपैकी तो होता. ही लबाडी उघड करणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी सहकाऱ्यांसह डेव्हिडसनच्या मुलखात शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. एका खोट्या चिठ्ठीने शोध भलत्या दिशेला नेला होता.

त्यानंतर तोरणमाळ, मेळघाट, बऱ्हाणपूरकडचं खकनार, यावल, अगदी तानसा इथवर त्याच्या नोंदी झाल्या. २०१८ साली धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याचा धोका एका पायरीने खाली आणला गेला. मग चिंता कशाची, असं कोणी विचारील. विचारणं रास्त आहे. पण या नोंदी नकाशावर मांडून पाहाव्यात. मोकळं सागवानी रान जिथे उरलं आहे तिथेच ठिपके आहेत. हा पक्षी स्थलांतर करत नाही. त्याच्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याची केळीची बाग म्हणजे समुद्रच.

केळीला नावं ठेवण्याचा हा उद्योग नाही. रावेर-यावलचं घर केळीवर चालतं, इथला माल वॅगनी भरून दिल्लीला गेला म्हणून इथली पोरं शिकली. प्रश्न बागेच्या वरच्या अंगाला आहे. शहादा ते खकनार या सातपुड्याच्या पट्टीत चोपडा, यावल आणि रावेरचं रान मधोमध येतं. सरकारी कागद यावल अभयारण्य मोजतो तो चौरस किलोमीटरमध्ये, सुमारे १७७. बेट किती मोठं, एवढंच त्यातून कळतं. ते शेजारच्या रानाला जोडलेलं आहे का, हे त्या आकड्यात नाही. अतिक्रमण, तोड, वणवा यांची चर्चाही क्षेत्राच्या हिशेबानेच होते. एक हेक्टर कुठेही गेलं तरी एकच हेक्टर धरलं जातं, मग ते कडेचं असो की दोन रानांमधल्या सांध्याचं. सांध्याचं गेलं तर नुकसान कितीतरी मोठं असतं. तडवी आणि पावरा आदिवासींच्या वस्त्यांना हे सांधे माहीत असतात, पण त्यांना विचारतं कोण?

म्हणून वनखात्याची पुढची कार्य आयोजना, म्हणजे रानाच्या व्यवस्थापनाचा आराखडा, होईल तेव्हा रावेरकरांनी एक मागणी जरूर करावी. रावेर तालुक्यातल्या पालच्या रानातून पश्चिमेला चोपड्याकडे आणि पूर्वेला बऱ्हाणपूरच्या हद्दीपर्यंत झाडोरा कुठे कुठे तुटला आहे, त्याचा नकाशा गावोगावच्या ग्रामसभेत मांडा, आणि रोपं लावायची ती आधी तिथे लावा.