मुद्दाम नव्हतं

आपल्या श्रावकाची अणुव्रतं पाच, बौद्ध उपासकाची शीलंही पाच. पहिली चार तर सख्ख्या बहिणींसारखी. हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटं बोलणं यांपासून दूर राहायचं. पाचव्याशी वाटा फुटतात. आपल्याकडे परिग्रहाची मर्यादा, त्यांच्याकडे मद्याचा त्याग.

‘ते तर आपण जन्मापासूनच पाळतो की,’ असं आपल्या बायका म्हणतात. पण त्या पाली शीलात मद्याच्या जोडीला एक शब्द आहे, प्रमाद. दारू सोडायची, कारण तिने माणूस गाफील होतो.

कर्म म्हणजे चेतना, मनातला हेतू, असं बुद्धांनी सांगितलं. याचा आधार घेऊन कुणी म्हणेल, तांदळात सोंडे होते, न निवडता शिजवले, मारायचं मनात नव्हतं; मग दोष कसला? आपल्याकडे असं सुटता येत नाही. निवडायचा आळस केला, तिथेच दोष लागला. मला वाटतं, बौद्ध उपासिकाही सुटत नाही. प्रमाद तिच्या शीलातच बसलाय.

तांदळाचं एकवेळ ठीक. सुनेला चारचौघांत ‘माहेरी शिकवलं नाही वाटतं’ म्हणायचं आणि मागाहून ‘मुद्दाम नव्हतं गं’? हेतू नसेलही, मी मानते. पण ती अर्ध्या भाकरीवरून उठली, तेही कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.